भंडारदऱ्याला सायकलवरून प्रदक्षिणा: नाशिक ते नाशिक, १८३ किमी

पेडलपंढरी

गेल्या रविवारी एकट्यानेच जाऊन आलो. पितृपक्ष मुद्दाम निवडला. गणपती उरकलेले, नवरात्र यायचंय, लॉजवाले माशा मारत बसलेले. एरवी पावसाळी रविवारी भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची जी वरात असते, ती यात नसते.

मार्ग असा: नाशिक, घोटी, वासाळी, बारी, शेंडी. शेंडीपासून तलावाभोवतीचा रिंगरोड, म्हणजे मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. मग आल्या वाटेने घरी. रिंग साधारण ४३ किमी भरली, जाण्यायेण्याचे ७०-७०. चढ एकूण पावणेदोन हजार मीटरच्या आसपास.

पहाटे साडेचारला पाथर्डी फाट्यावरून निघालो. घोटीपर्यंतच्या रस्त्यात सांगण्यासारखं काही नाही. हायवे आहे, ट्रक आहेत, गोंद्याला कंपन्यांच्या बसेस आहेत. मागचा लाल दिवा चालू ठेवा आणि डावी पट्टी सोडू नका, एवढंच. घोटीत सव्वासहाला उजाडायच्या बेतात पहिला चहा. राइस मिलवाल्या गावात पहाटे भुशाचा एक वास असतो, तो आला की मला सह्याद्रीत शिरल्यासारखं वाटतं.

घोटीहून आत वळलो आणि दोन्ही बाजूंना भात. लोंब्या नुकत्या बाहेर पडताहेत, दाणा अजून दुधात आहे, आणि बांधावर सोनकी. नुसती पिवळी रेघ मारल्यासारखी. समोर कळसूबाई, पण कमरेच्या वर ढगात. १६४६ मीटरचं शिखर, त्यातले जेमतेम निम्मे मला दिसले.

वासाळी सोडली की घाट लागतो. फार लांब नाही, पण पहिल्याच वळणावर गिअर संपतात. मी पुढे ३४ आणि मागे ३२ दात असा हलका गिअर घेऊन जातो, तरी एके ठिकाणी उभं राहून मारावी लागली. आपल्याकडे बारी म्हणजे खिंडच. बागलाणात सेलबारी-डोलबारी, तशी ही कळसूबाईची. खिंड ओलांडली की जिल्हा बदलतो आणि हवाही बदलते, अंगावरचा घाम एका मिनिटात गार पडतो. वारंघुशी फाट्यावरून आत, आणि सव्वाआठला शेंडी.

आता मूळ मुद्दा. रिंग कुठून सुरू करायची? मी रतनवाडीकडून केली. प्रदक्षिणेला देव उजव्या हाताला लागतो, म्हणून तलाव उजव्या हाताला. रतनवाडीपर्यंत मजा आहे. रस्ता पाण्याला धरून वर-खाली होत जातो, वाहन जवळजवळ नाही. अमृतेश्वराच्या देवळापाशी सायकल लावून पुष्करणीच्या काठावर दहा मिनिटं बसलो. प्रवरा याच रतनगडाच्या अंगावरून निघते, त्यामुळे इथे जिकडे पाहावं तिकडे पाणी वाहत असतं. देवळाच्या दगडांमधूनसुद्धा ठिपकतं.

रतनवाडी सोडून साम्रदचा चढ लागला आणि खट्ट. पाय हवेत फिरला. मागे बघतो तर साखळी सापासारखी रस्त्यावर.

क्विक लिंक, म्हणजे तुटलेली साखळी जोडायची सुटी कडी, घरी, ड्रॉवरमध्ये. चेन टूल, म्हणजे कडीची पिन काढायचं हत्यार, आहे असं मला वाटत होतं. होतं, पण त्याची पिन वाकडी. मोबाईलला रेंज शून्य. सायकल ढकलत पाऊण किमी वर गेलो. तिथे एका पाड्यावर एक बाबा नांगराचा फाळ ओट्यावर ठेवून काहीतरी ठोकत होते. त्यांनी साखळी हातात घेतली, बोटाने एक-एक कडी सरकवत तुटलेली कडी शोधली आणि म्हणाले, "मोटरसायकलची बी अशीच असती, फक्त बारीक हाये." फाळ उलटा केला, त्याला मधे जे भोक असतं त्यावर कडी धरली, एक मोठा खिळा लावला आणि हातोडीने पिन अर्धी बाहेर काढली. पूर्ण नाही. पूर्ण निघाली तर परत बसत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मोडकी कडी टाकली, पुढची जोडली, पिन ठोकून आत. मग साखळी अंगठ्याने वाकवून पाहिली, कडी आखडली होती, ती आडवी हलवून मोकळी केली. सगळं मिळून वीस मिनिटं. पैसे घेईनात. शेवटी त्यांच्याकडेच नाचणीची भाकरी आणि ठेचा खाल्ला, त्याचे तेवढे घेतले.

पुढचे शंभरेक किमी मी उभा राहून एकदाही पेडल मारलं नाही. मोठा चढ आला की मुकाट उतरलो. संध्याकाळी पाचला घरी. भाकरी आणि साखळी धरून साडेबारा तास.

घाटघरचा कोकणकडा? नुसतं धुकं. कठड्याला हात लावला आणि निघालो.

महाराष्ट्रातल्या राष्ट्रीय उद्यानांतली सगळ्यात सुंदर रिंग हीच, असं माझं मत. विचारा काय विचारायचंय ते.

---

सह्यवाट

झकास लिहिलंय. एक दुरुस्ती: हे राष्ट्रीय उद्यान नाही, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. १९८६ सालचं, क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किमी. राज्यात राष्ट्रीय उद्यानं सहाच: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, बोरिवलीचं संजय गांधी आणि चांदोली. फरक नुसता नावाचा नाही. अभयारण्यात गावं, शेतं, चराई चालू राहू शकते. राष्ट्रीय उद्यानात वस्ती आणि चराईला जागा नसते. तुमची साखळी राष्ट्रीय उद्यानात तुटली असती तर फाळवाले बाबा भेटलेच नसते.

---

पेडलपंढरी

मान्य. शीर्षकात लिहिलं नव्हतं, वाचलो.

---

तात्या_सिन्नरकर

क्विक लिंक ड्रॉवरमध्ये ठेवून १८३ किमी जाणाऱ्या माणसाला दंडवत. हेल्मेट तरी बरोबर होतं का?

आम्ही हाच रस्ता बावीस इंची सायकलवर केलाय, गिअर-बिअर काही नाही. ८८-८९ साल असेल. तिघे मित्र, कॅरिअरवर घोंगडी आणि पिशवीत भडंग. बारीचा घाट पूर्ण ढकलत चढलो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. उतारावर मात्र ब्रेकचे रबर संपले आणि एकजण चपलेने टायर दाबत खाली आला. चप्पल गेली, माणूस राहिला. रिंगरोड वगैरे नव्हता हो तेव्हा असा. रतनवाडीला आम्ही लाँचने गेलो, सायकली शेंडीत एका दुकानदाराकडे ठेवून.

---

घाटमाथा

दिशेबद्दल माझं उलटं मत. तलाव डाव्या हाताला ठेवा, म्हणजे शेंडीतून मुरशेतकडे निघा. कारणं:

आपण डावीकडून चालतो. तलाव डावीकडे असेल तर पाणी तुमच्या बाजूला येतं, मधे रस्ता आणि समोरून येणारी जीप नाही. थांबायचं तर सायकल फक्त कडेला घ्यायची. दुसरं, घाटघरला तुम्ही सकाळी पोचता. धुकं असायचं तर ते तेव्हाही असणार, पण दुपारी कोकणातून जे ढग चढतात त्यांच्या आधी एखादी खिडकी उघडायची शक्यता जास्त. तिसरं, रतनवाडीला जेवायच्या वेळेला येता. आणि साम्रदचा तो चढ तुम्हाला उतार म्हणून मिळतो.

प्रदक्षिणा देवळाला घाला, तलावाला कशाला?

---

पेडलपंढरी

उतार म्हणून मिळतो हेच मला नको आहे. तिथल्या वळणांवर खडी पसरलेली आहे आणि झाडाखालच्या भागात शेवाळं. चढताना घसरलात तर ताशी सातने पडाल. उतरताना तीसने.

---

सह्यवाट

घाटमाथा +१, पण डिस्क ब्रेक असतील तरच. रिम ब्रेकवाल्यांनी पावसाळ्यात हा प्रकार समजून घ्या: रस्त्यावरची लाल माती आणि बारीक वाळू रिमवर चढते, पॅडमध्ये रुतते आणि प्रत्येक ब्रेकला रिम तासते. आवाज येतो, पाटा-वरवंट्यासारखा. माझे नवे पॅड जुलैमधल्या एका पावसाळी राइडमध्ये निम्म्याच्या खाली आले होते. अशा वेळी बाटलीतलं पाणी रिमवर मारायचं, फडक्याने पुसायचं आणि पॅडमधले कण सुईने टोकरून काढायचे. पाच मिनिटं जातात, पण बारीच्या उतारावर ती पाच मिनिटं आठवतात.

टायर २८ मिमी रुंदीच्या खाली नकोत. ३२ बसत असतील तर उत्तम, आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमी.

---

गोदाकाठ

हायवे टाळायचा असेल तर देवळाली कॅम्प, भगूर, पांढुर्ली आणि तिथून सिन्नर-घोटी रस्त्याने घोटी. लांब पडतं, पण पहाटेच्या अंधारात ट्रकच्या मागे धूर खाण्यापेक्षा बरं. जुलैत मात्र तिकडेही जपून. चिखलणी चालू असते, ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येतात आणि चाकांचा चिखल वळणावर सोडून जातात. ओला झाला की साबण.

समृद्धीवरून जाता येईल का असं मागच्या धाग्यात कोणी विचारलं होतं. नाही. तिथे दुचाकीलाही बंदी आहे, सायकलचं सोडाच.

---

रानजाई

पेडलपंढरी, लेख आवडला, फाळाचा प्रसंग तर फारच. मला पुढच्या रविवारी करायचं आहे, मैत्रीण आणि मी. दोघींचंही आजवरचं सगळ्यात लांब अंतर १२०. काही प्रश्न:

१८३ एका दिवसात जमेल का, की शेंडीपर्यंत गाडीने जाऊन फक्त रिंग करावी?
वाटेत बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे? हे पुरुष कधीच लिहीत नाहीत.
पश्चिमेकडच्या टप्प्यात दोघींनी जाणं कितपत ठीक?

---

पेडलपंढरी

ताई, १२० झालेत तर १८३ अंतर म्हणून जमेल. पण हा सपाट १८३ नाही. बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या, २०० किमीला साडेतेरा तास देतात, मला साडेबारा लागले आणि मी अधूनमधून बीआरएम करतो. पहिल्यांदा गाडी घोटीत लावा. तिथून जाऊन-येऊन ११० च्या आसपास भरतं, त्यात घाटही येतो, रिंगही येते, आणि हायवे तेवढा गळतो. गळू द्या.

एक सांगायचं राहिलं. परतताना शेंडीहून बारीपर्यंत एक छुपा चढ आहे. नकाशात दिसत नाही, पायांना दिसतो. त्यासाठी काहीतरी शिल्लक ठेवा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, त्याबद्दल कान पकडतो.

---

माहेर_इगतपुरी

रानजाई, मी सांगते. हायवेवर घोटीच्या अलीकडे मोठी हॉटेलं आहेत, तिथे उरकून घ्यायचं. शेंडीत हॉटेलं, लॉज, अडचण नाही. पुढे रतनवाडीत आणि घाटघरच्या बाजूला घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारी घरं आहेत. सरळ आत जाऊन मावशींना विचारायचं, चहा सांगायचा. कधी कोणी नाही म्हटलं नाही. जेवण आधी सांगून ठेवा, तासाभराने परत या, तवा तुमच्यासाठी तापलेला असतो.

दोघींनी जायला हरकत नाही. मी दोनदा गेले, एकदा वहिनीबरोबर. गावातल्या लोकांचा त्रास शून्य, उलट पोरं "बाय बाय" करत अर्धा किमी पळतात. त्रास झाला तो शहरातून आलेल्या गाड्यांचा. बाटल्या घेऊन धबधब्याखाली नाचणारी टोळकी चारनंतर वाढतात. म्हणून सकाळीच रिंग उरका. रेंज नाही हे घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर इकडे सगळे देव पाण्यात बुडवून बसतात.

आणि रोख पैसे ठेवा, सुट्टे. वन खात्याच्या नाक्यावर पावती असते, आणि रेंजच नाही तर फोनवरून पैसे कसले देताय.

---

रानजाई

ताई, शंभर प्रश्नांची उत्तरं एका प्रतिसादात. आभार!

---

निवृत्त_वीजवाला

सायकल चालवत नाही, गुडघे गेले. पण घाटघरपर्यंत जाताय तर बघताय काय हे माहीत असावं. तिथे वरचा तलाव आहे आणि कड्याखाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला खालचा. दिवसा विजेची मागणी चढली की वरचं पाणी डोंगराच्या पोटातून खाली सोडून वीज करतात. रात्री मागणी उतरली की तीच यंत्रं उलटी फिरवून पाणी परत वर चढवतात. १२५ मेगावॅटचे दोन संच. उपसायला जितकी वीज लागते तितकी परत मिळत नाही, तरी हा धंदा परवडतो, कारण रात्रीची वीज पडून असते आणि संध्याकाळची सोन्याच्या भावाची.

भंडारदऱ्याचं विल्सन धरण त्याहून कितीतरी जुनं. १९१० ला काम सुरू, १९२६ ला पूर्ण, उंची ८२ मीटरच्या वर, साठा ११ टीएमसी. दगडी बांधकाम आहे. सायकल थांबवून एकदा त्या भिंतीकडे बघा.

---

तात्या_सिन्नरकर

वीजवाले काका, म्हणजे पाणीसुद्धा रोज तो घाट चढतं आणि उतरतं. आमच्यासारखंच, फक्त त्याला क्विक लिंक लागत नाही.

---

काळाराम_चौक

माझा बेत जूनमध्ये काजव्यांच्या वेळी रात्री रिंग मारायचा होता. हजार ल्युमेनचा दिवा घेतलाय खास. कोणी केलंय का?

---

सह्यवाट

कृपा करून करू नका. मे अखेर ते जून मध्य हा काजव्यांचा जोडीदार शोधायचा काळ. नर चमकतो, मादी उत्तर देते, तेवढ्यासाठीच तो सगळा दिवाळसण आहे. तुमच्या हजार ल्युमेनच्या झोतात त्यांना एकमेकांचं काही दिसत नाही. प्रौढ काजवा जेमतेम काही आठवडे जगतो, त्याआधीचं बहुतेक आयुष्य अळी म्हणून मातीत काढतो. त्या काही रात्री तरी त्यांच्या त्यांना असू द्या.

सायकलने जायचंच तर उजेडी पोचा, सायकल गावात लावा, गावातल्याच माणसाला वाटाड्या घ्या आणि पायी जा. दिव्याला लाल कागद लावा, लाल उजेडाचा त्यांना त्रास कमी. गाड्यांचे इंडिकेटर लावून हिरड्या-बेहड्याखाली उभे राहणारे लोक आधीच काय कमी आहेत का.

---

काळाराम_चौक

समजलं. दिवा आता बारीच्या घाटासाठी.

---

गोदाकाठ

अवांतर: कळसूबाई नाशिकची की नगरची, हा वाद इथे कोणी काढला नाही याचं आश्चर्य वाटतंय.

---

माहेर_इगतपुरी

शिखर दोन तालुक्यांच्या शिवेवर, एका अंगाला आमची इगतपुरी, दुसऱ्या अंगाला अकोले. पाऊस दोघांना सारखा देते. तुम्हा नाशिकच्या लोकांना अख्खं शिखरच हवं असेल तर साल्हेर घ्या, १५६७ मीटर, राज्यात दुसरा नंबर.

---

घाटमाथा

वाऱ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. घोटी नाशिकच्या नैर्ऋत्येला. पावसाळ्यात वारा तिकडूनच येतो, म्हणजे जाताना तोंडावर, येताना पाठीवर. पहाटे तो पडलेला असतो, म्हणून साडेचारला निघण्यात शहाणपणा. ऑक्टोबर अखेरीपासून हे गणित फिरतं, मग परतीला वाडीवऱ्ह्यापासून तोंडावर घेत या. नाशिकच्या दोन डॉक्टर भावांनी, महाजन बंधूंनी, २०१५ ला जोडीने अमेरिका आडवी कापली, ४८०० किमी, नऊ दिवसांच्या आत. त्याच गावचे आपण विल्होळीच्या चढावर वाऱ्याला शिव्या देतो.

---

रानजाई

झालं! काल करून आलो. घोटीपासून, ११२ किमी, नऊ तास चाळीस मिनिटं.

घाटमाथांचं ऐकलं, तलाव डावीकडे. घाटघरला नऊच्या सुमारास पोचलो आणि खिडकी खरंच उघडली, चार-पाच मिनिटं. खाली कोकणातली शेतं, एक ओढा आणि कुठल्यातरी घराच्या पत्र्यावर चमकणारं ऊन, इतकं स्पष्ट. मैत्रीण फोन काढेपर्यंत परत पांढरं.

साम्रदनंतरच्या उतारावर पेडलपंढरींचं ऐकलं. दोन वळणं उतरून चालत घेतली. शेवाळं आहेच.

त्याच उतारावर पाड्यावर थांबलो. बाबा होते. साखळीची गोष्ट सांगितली तर हसले, "ते उंच, चष्म्यावाले? पोचले का नीट?" भाकरी आम्हालाही मिळाली, बरोबर आंबाडीची भाजी. फाळ ओट्यावरच होता. निघताना म्हणाले, त्यांना सांगा, खिळा नेलाय त्यांनी चुकून.

---

पेडलपंढरी

आत्ता सीटखालची पिशवी उपसली. आहे.